रिकाम्या गाडीचं वजन

१

जुन्या गाडीचे कागद वाचायची माझी एक रीत आहे. आधी शेवटचं पान, मग त्याच्या आधीचं, असं उलटं जात जात पहिल्या मालकापर्यंत पोचायचं. बाकीचे लोक पहिल्या पानापासून सुरू करतात आणि मधेच कुठेतरी वाट चुकतात. विकणाऱ्याला काहीतरी लपवायचं असतं, घेणाऱ्याला मिरवायचं असतं, म्हणून घेणाऱ्याचा कागद धरून मागे जावं. हे मला कुणी शिकवलं नाही. मी चौथी पास. पुढचं सगळं नवऱ्याच्या गॅरेजात, तेलाचे डाग पडलेल्या कागदांवर बोट ठेवून स्वतः शिकले.

गाडी कुणाची होती, कुणाकडून कुणाकडे गेली, इंजिन तेच आहे की मधे बदललं, याची साखळी जुळवून द्यायची, हा माझा धंदा. चाळीस वर्षं झाली. नावापुढे तीन तीन पदव्या लावणारे साहेब माझ्या खोलीचा लोखंडी जिना धापा टाकत चढतात आणि "बाई, एवढं एक बघा ना" म्हणतात. 'कागदवाल्या बाई' म्हणून ओळखतात मला. माझ्या पाठीमागे आणखीही काही म्हणतात, ते मला ठाऊक आहे. तेही खोटं नाही.

माझ्या मुलाने ती गाडी आणली तेव्हा मी वरच्या खिडकीत होते. तो दिवसभर लोकांचे डोळे तपासतो, चष्मे लावून देतो. वय चव्वेचाळीस. पण गाडी शेडमध्ये लावून खाली उतरला तेव्हा तोंड पाहायचं होतं, दहा वर्षांचं.

"आई, बघ तरी खाली येऊन!"

मी गेले. बसकी, लांब नाकाची, जुन्या दातासारख्या पिवळट रंगाची. साठ वर्षांपूर्वीची.

"बघितली. दारं दोन, माणसं दोन, मागे एक छत्री मावेल."

"आई, ही स्पोर्ट्स कार आहे."

"असू दे ना. तू बसशील, तुझी बायको बसेल. मी कुठे बसू?"

"तुला टपावर बांधतो."

"मेल्या," मी म्हटलं, आणि सूनबाई पदर तोंडाला लावून हसली.

दोन महिन्यांनी जुन्या गाड्यांची शर्यत होती. त्यात उतरायचं तर पहिल्या मालकापासून आजपर्यंतची साखळी कागदोपत्री दाखवावी लागते. लोकांच्या गाड्यांची शंभरदा केली, मुलाची करायला काय हरकत? त्याला एवढंच सांगितलं, की फाईल पुरी होईपर्यंत गाडी नावावर करायची नाही. तो माझा नियम आहे. आधी कुंडली, मग लग्न.

"बरं बाई," तो म्हणाला.

२

नोंदणी कार्यालयाच्या मागच्या अंगाला जुन्या वह्यांची खोली आहे. खिडकी एकच, तीही कपाटाने अर्धी झाकलेली. तिथला कारकून माझ्याहून तीस वर्षांनी लहान, पण चालतो माझ्याहून हळू.

"बाई, अजून येणं चालूच आहे का तुमचं?"

"तुला निवृत्त करूनच थांबणार मी. हा नंबर घे."

त्याने पाच वह्या आणून टेबलावर आपटल्या. धूळ बसेपर्यंत थांबले, मग चष्मा लावला.

पाच मालक. एक दंतवैद्य, त्याच्यानंतर एक वकीलबाई, मग एक बांधकामाचा कंत्राटदार, मग एक घड्याळजी, आणि शेवटी एक प्राध्यापक. नावं, पत्ते, शिक्के, सगळं जागच्या जागी. इतकी स्वच्छ साखळी मला क्वचित मिळते. मी खूश होऊन उतरवून घेत होते आणि एका रकान्यापाशी पेन थांबलं.

विकणाऱ्याची सही. दंतवैद्याच्या जागी त्याच्या भावाची सही, आणि वर शब्द, 'तर्फे'. वकीलबाईंच्या जागी धाकट्या बहिणीची, 'तर्फे'. कंत्राटदाराच्या जागी मुलाची. घड्याळजीच्या जागी पुतण्याची. तर्फे, तर्फे, तर्फे. या गाडीच्या एकाही मालकाने ती स्वतः विकलेली नव्हती. आणि प्रत्येक विक्रीआधी सात-आठ वर्षांचा खड्डा.

मेले असतील, असं तुम्ही म्हणाल. मीही म्हटलं. पण मेलेल्या माणसाची गाडी विकताना मृत्यूचा दाखला जोडतात आणि रकान्यात 'वारस' लिहितात. 'तर्फे' म्हणजे माणूस आहे, फक्त सहीला हजर नाही.

"हे बघ रे," मी कारकुनाला म्हटलं. "विकणाऱ्या चौघांतला एकही सहीला आला नाही?"

"बाहेरगावी असतील."

"चौघंही?"

त्याने खांदे उडवले. ते त्याला छान जमतं.

शेवटचा रकाना मी एरवी उतरवतही नाही. रिकाम्या गाडीचं वजन. प्रत्येक हस्तांतराच्या वेळी गाडी काट्यावर घालून लिहितात, कर ठरवायला. गाडीचं वजन काही बदलत नाही, म्हणून कारकून मागचाच आकडा खाली उतरवतात. इथे तसं नव्हतं. कारखान्यातून आली तेव्हा ८१२ किलो. वकीलबाईंनी घेतली तेव्हा ८८६. कंत्राटदाराच्या वेळी ९४०. घड्याळजीच्या वेळी १०४१. प्राध्यापकांनी घेतली तेव्हा १०९९.

"तुमचा काटा बिघडलाय," मी म्हटलं.

"साठ वर्षं?" तो म्हणाला. "बाई, काटा तीनदा बदललाय."

३

मी भुताखेतांची बाई नाही. गाडी जड होते याला शंभर कारणं असतात. रंगावर रंग चढतो. तळाला पत्रे डकवतात. कुणी जड इंजिन बसवतो आणि कागदावर दाखवत नाही, हे तर मी डझनभर वेळा पकडलंय.

म्हणून नवऱ्याच्या वेळचे मिस्त्री बोलावले. हाताने अजून पक्के आहेत, फक्त गुडघे गेलेत. गाडीखाली चटई टाकून शिरले आणि बराच वेळ त्यांचे दोन पायच दिसत राहिले.

"इंजिन मूळचंच," आतून आवाज आला. "नंबर जुळतो. तळ मूळचा. जोड नाही, पत्रा नाही. वहिनी, गाडी एकदम कोरी आहे."

"मग जड का?"

"ते मला काय विचारता? पण मागचे भार झेलणारे कमानपाटे पार बसलेत."

"म्हणजे?"

ते सरपटत बाहेर आले, हात पुसत. "रोज माणसं भरून नेणाऱ्या गाडीचे बसतात तसे. दोन सीटच्या गाडीचे मागचे पाटे असे बसत नाहीत. मागे बसणार कोण?"

सीटच्या मागे पाहिलं. वीतभर रुंदीची फळी, तिच्यावर काळं कातडं, लगेच मागची काच. मी हात घालून चाचपलं. कातडं कोमट होतं. शेडमध्ये ऊन येत नव्हतं, पण दुपारची वेळ होती, पत्रा तापतो, असं मी मनाला सांगितलं.

४

मुलाने गाडी ज्या भंगारवाल्याकडून घेतली त्याला आधी गाठला. प्राध्यापकांच्या घरून त्याने ती उचलली आणि नऊ वर्षं अंगणात ठेवली होती.

"नावावर केली होती का?"

"नावावर करून कोण घेतं, बाई? कोरा फॉर्म, खाली सही. गिऱ्हाईक आलं की त्याचं नाव भरायचं." तो मनमुराद हसला. पोट हललं. "फार गुणी गाडी. रोज दुपारी जेवण झालं की हिच्यातच ताणून द्यायचो. झोप काय लागायची म्हणून सांगू."

त्याच्याकडून प्राध्यापकांच्या घरी. त्यांच्या बायकोने दार उघडलं. माझ्याच वयाची, नीटनेटकी. बैठकीत प्राध्यापकांच्या चपला अजून दाराशी जोडून ठेवलेल्या.

"सतरा वर्षं झाली," ती म्हणाली. "नदी पाहिली, स्टेशनं पाहिली, वर्तमानपत्रात फोटो दिला. काही नाही."

"गाडी कुठे सापडली?"

"सापडायची काय? जागेवरच होती. ते शेडकडे गेले, एवढंच मला ठाऊक. गाडी सुरू झाल्याचा आवाजसुद्धा आला नाही. पोलिसांनी काचेतून आत पाहिलं. दोन माणसांची गाडी, एक नजर टाकली की झालं."

फाईलमध्ये मी प्रत्येक मालकाचा शेवटचा दिवस लिहिते, म्हणून विचारलं, "जाताना काही बोलले?"

तिचा चेहरा उजळला. अगदी लाजली म्हटलं तरी चालेल.

"आमचे हे फार तुसडे हो. तीस वर्षांच्या संसारात घरातून निघताना कधी शब्द नाही. उठायचे आणि चालू पडायचे. त्या दिवशी दारात थांबले आणि 'येतो' म्हणाले. मी आत होते. मला इतकं बरं वाटलं! तेवढ्या एका शब्दावर मी सतरा वर्षं काढली बघा."

मी वहीत लिहिलं, येतो म्हणाले. त्यात लिहिण्यासारखं काही नव्हतं. 'जातो' म्हणायचं नाही हे आपल्या जिभेला लहानपणीच शिकवलेलं असतं.

५

घड्याळजी एकटे राहत. त्यांच्या खालच्या मजल्यावर एक शिंपीणबाई होत्या, त्या अजून तिथेच आहेत. मशीन न थांबवता बोलत होत्या.

"भला माणूस. कानांनी मात्र ठार बहिरा. दार फोडलं तरी कळायचं नाही. भाडं मागायला आलेला मालक पायाने जमीन आपटायचा, तेव्हा वर बघायचे. घड्याळांची टिकटिक बोटांनी ओळखायचे म्हणे."

"शेवटचं कधी पाहिलंत?"

"पाहिलं नाही, ऐकलं. जिना उतरताना. 'आलो, आलो, येतो' करत घाईघाईने उतरले."

"कुणाशी बोलत होते?"

आता मशीन थांबलं.

"हो की," त्या म्हणाल्या. "त्यांना हाक मारून उपयोग नव्हता."

वकीलबाईंची धाकटी बहीण एका आश्रमात सापडली. नव्वदीची, पण बुद्धी लखलखीत. मला पाहताच म्हणाली, "गाडीचं ना? त्या गाडीबद्दल कधीतरी कुणीतरी येणार, हे मला माहीत होतं."

"ताई कशा होत्या?"

"हट्टी. काटेकोर. दर रविवारी वजनाच्या काट्यावर उभी राहायची. चोपन्न किलो. अर्धा किलो वाढलं की दोन दिवस जेवायची नाही."

"त्या दिवशी काय म्हणाल्या?"

"'येते' म्हणाली. मी न्हाणीघरात होते. मग पुन्हा ऐकू आलं, जरा चिडून, 'अगं येते म्हटलं ना!'" म्हातारीने माझ्या मनगटावर हात ठेवला. हात थंड होता आणि पकड घट्ट. "मला वाटलं, माझ्यावरच डाफरली. सगळं आयुष्य तसंच वाटत राहिलं. पण बाई, मी तर काहीच बोलले नव्हते."

६

घरी येऊन टेबलाशी बसले. पाणीसुद्धा प्यायले नाही.

वही उघडली आणि आकड्यांतून आकडे वजा केले. आठशे शहाऐंशी ते नऊशे चाळीस. चोपन्न. ती वकीलबाई. नऊशे चाळीस ते एक हजार एक्केचाळीस. एकशे एक. कंत्राटदाराचा फोटो माझ्याकडे होता, एका जुन्या मासिकातला. गाडीला टेकून उभा, आणि गाडी त्याच्या बाजूला कललेली. हत्तीच होता तो. घड्याळजी अठ्ठावन्न. दंतवैद्य चौऱ्याहत्तर.

मी चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला. आकडे तेच.

आपण सगळ्यांनी एकच चूक केली होती. त्या बायकोने, त्या बहिणीने, त्या शिंपीणबाईने, आणि वहीत लिहून घेणाऱ्या मीसुद्धा. घरातून बाहेर पडणारा माणूस 'येतो' म्हणाला, म्हणजे त्याने आपला निरोप घेतला, असं आपण धरून चालतो. पण तोच शब्द हाकेला ओ देतानाही म्हणतात. त्यांची पाठ घराकडे होती. ते निरोप घेत नव्हते. कुणीतरी बोलावत होतं, आणि ते उत्तर देत होते.

भंगारवाला मात्र नऊ वर्षं त्याच गाडीत घोरत पडला आणि अजून पोट हलवून हसतोय. त्याचं नाव नोंदवहीत नव्हतं.

मी मनाशी ठरवलं की ही फाईल पुरी करायची नाही. चाळीस वर्षांत पहिल्यांदा. नाव चढणार नाही, मुलगा चार दिवस फुगून बसेल, बसू दे. तेवढ्यात तोच जिना चढून आला, हातात चहाचा कप.

"आई, रागावू नकोस हं. एक सांगायचंय."

"बोल."

"शर्यतवाल्यांनी तारीख अलीकडे घेतली. म्हणून गाडी नावावर करून टाकली. परवाच." त्याने खिशातून कागद काढला. "तुझी फाईल मागाहून जोडू. चालतं म्हणाले."

मी कागद घेतला. मालकाच्या जागी माझ्या मुलाचं नाव. खाली शेवटच्या रकान्यात, रिकाम्या गाडीचं वजन ११६८ किलो.

एकोणसत्तर. प्राध्यापकांच्या बायकोला विचारायचीही गरज नव्हती. त्यांच्या बैठकीतल्या फोटोत मी पाहिलं होतं त्यांना.

"तुझं वजन किती रे?" मी विचारलं.

"अठ्ठ्याहत्तर. का?"

"काही नाही. चहा ठेव तिथे."

७

दुसरा दिवस, शनिवारची सकाळ. साडेदहा वाजले असतील. सूनबाई बाजारात गेली होती. मी खिडकीशी बसून काय बोलावं, कसं बोलावं, याची जुळणी करत होते. आयुष्यभर जिला फटकन बोलायची सवय, तिला अशा वेळी वाक्य सापडत नाही. मुलगा शेडच्या दाराबाहेर गाडीचे काढून आणलेले आरसे पुसत होता. शिट्टी वाजवत होता.

शिट्टी थांबली.

"येतो," तो म्हणाला.

मी खाली पाहिलं. अंगणात कुणी नव्हतं. रस्त्यावर कुणी नव्हतं. त्याने फडकं खाली टाकलं आणि शेडकडे तोंड केलं.

"अरे, येतो म्हटलं ना!" जरा वैतागून, जसं घरच्या माणसावर वैतागतो तसं.

सत्याहत्तर वर्षांची बाई लोखंडी जिना किती वेगात उतरू शकते, ते मला त्या दिवशी कळलं. चप्पल वरच राहिली. शेडच्या आत पाऊल टाकलं आणि उजेडातून एकदम अंधारात आल्यावर दिसतं तितकंच दिसलं. तेवढं पुरे झालं.

चालकाच्या शेजारचं दार उघडं होतं. त्या सीटची पाठ पुढे कलंडलेली होती. मोठ्या गाड्यांत मागे बसायला वाट करून देताना पुढची सीट कलंडवतात ना, तशी. या गाडीची सीट कलंडत नाही. मिस्त्रींनी दाखवलं होतं मला, पाठ तळाला घट्ट जोडलेली आहे. पण ती कलंडली होती, आणि मुलाचा एक पाय आत होता.

आणि मागे जागा होती.

वीतभर फळी नव्हती तिथे. जागा होती, लांब, आत आत जाणारी, आणि त्या जागेत कुणीतरी थोडं सरकून घेतल्याचा आवाज झाला. कातड्यावर कापड घासल्याचा. बसलेली माणसं नव्या माणसाला जागा देताना सरकतात, तसा. एक सरकलं. मग दुसरं. मग एक जड.

मी मुलाची कॉलर मागून धरली आणि सगळा जोर लावून ओढला. तो माझ्या अंगावर पडला, मी भिंतीवर. डोक्याला खोक पडली.

"आई! काय करतेस? वेड लागलं का?"

दार लागल्याचा आवाज झाला. अगदी हलका. जुन्या चांगल्या गाडीचं दार लागतं तसा.

"कुणाला ओ देत होतास?" मी विचारलं. रक्त डोळ्यात उतरत होतं.

तो माझ्याकडे असा बघत राहिला, जणू मी भलतंच काही विचारलं.

"बाबांना," तो म्हणाला. मग त्याचं त्यालाच कळलं, आणि ओठ पांढरे पडले. त्याचे बाबा जाऊन अकरा वर्षं झाली होती.

८

दुपारपर्यंत त्याने स्वतःची समजूत घालून घेतली. रात्री झोप नीट झाली नव्हती, उन्हात उभा होतो, वगैरे. शिकलेली माणसं हे फार लवकर करतात. "सोमवारी बायकोला घेऊन एक चक्कर मारतो," असंही म्हणाला. सांगून पटणार नव्हतं. चोरून फोडून टाकावी, जाळून टाकावी, हेही मनात आलं. पण आत पाच माणसं आहेत हे ठाऊक असताना काडी कुणी लावायची?

मला एकच काम येतं. तेच केलं.

हस्तांतराचा फॉर्म भरला. डोक्याला पट्टी बांधलेलीच होती. बाकीच्या चार कागदांच्या मधे तो घातला आणि त्याच्यापुढे ठेवला.

"शर्यतीचे कागद आहेत. सह्या कर."

"कुठे करू?"

"जिथे फुली आहे तिथे."

शाळेच्या प्रवेशापासून लग्नाच्या नोंदणीपर्यंत त्याचे सगळे कागद मीच केलेले. त्याने कधी वाचून सही केली नाही. त्या दिवशीही केली नाही. गाडी विकणाऱ्याच्या रकान्यात त्याची सही उमटली, त्याच्या स्वतःच्या हातची, हजर माणसाची. त्या वहीत साठ वर्षांत पहिल्यांदा 'तर्फे' शब्द लागला नाही. घेणाऱ्याच्या रकान्यात मी माझं नाव लिहिलं.

सोमवारी कार्यालय उघडायच्या आधीच दारात उभी होते. कारकून म्हणाला, "बाई, या वयात स्पोर्ट्स कार?"

"हौस आहे. शिक्का मार."

"काट्यावर घातल्याशिवाय कसा मारू?"

"गेल्याच आठवड्यात घातली होती. तोच आकडा उतरव. तुमची जुनी सवय आहे."

त्याने मारला.

मुलाला आठवड्याने कळलं. असा ओरडला, असा ओरडला, की शेजारच्या खिडक्या उघडल्या. "माझी गाडी? माझ्याच सहीने? आई, तू मला फसवलंस?" मी फसवलंच होतं, काय बोलणार? का फसवलं ते सांगितलं तेव्हा त्याने सूनबाईकडे पाहिलं. दोघांनी जे डोळ्यांनी बोलून घेतलं ते मला समजलं. म्हातारी गेली, डोकं आपटल्यापासून गेली. महिन्याभरात त्यांनी गावाच्या दुसऱ्या टोकाला भाड्याचं घर घेतलं. जाताना तो 'येतो' म्हणाला नाही. मला बरं वाटलं.

९

शेडला कुलूप आहे. किल्ली माझ्या कनवटीला. गाडी हलली नाही, वाजली नाही, काही नाही. पहिले दोन महिने मला वाटलं, सुटले. म्हातारं खोड, कुणाला हवंय?

मग एके सकाळी सुरू झालं. इतके दिवस मला फक्त उत्तरं ऐकू आली होती. आता प्रश्न ऐकू येतो.

कुणाच्या आवाजात येतो, ते मी आधीच ओळखायला हवं होतं. नवऱ्याच्या आवाजात आला असता तर मी सरळ म्हटलं असतं, बस तिथेच, जिवंतपणी कधी तुझं ऐकलं नाही, आता काय ऐकणार? आईच्या आवाजात आला असता तरी निभावून नेलं असतं. पण तो माझ्या मुलाच्या आवाजात येतो. शेडच्या बाजूने, खालून. "आई, येतेस ना?"

मी तोंडाला तोंड देणारी बाई. सासूला दिलं, साहेबाला दिलं, उलट उत्तर दिल्याशिवाय माझा दिवस गेला नाही. आणि आता मी सबंध दिवस गप्प असते. 'नाही' असंही म्हणत नाही. एकदा ओ दिली की पुढचं आपल्या हातात राहत नाही, एवढं त्या चिडलेल्या वकीलबाईंवरून मला कळलं आहे.

परवा सूनबाईचा फोन आला. ऐकून घेतलं, हुं केलं. म्हणाली, "आई, ते तुमची फार आठवण काढतात. रविवारी चार वाजता येणार आहेत. राग सोडा आता." फोन ठेवल्यावर मी रडले. एवढं मला लिहायला लाज वाटत नाही.

आज रविवार. चार वाजून दहा मिनिटं झाली आहेत. मी खिडकीपासून लांब, पलंगावर बसले आहे, कारण पाहिलं तर धीर राहणार नाही.

"आई!"

खालून. अंगणातून की शेडमधून, ते इथून कळत नाही. फाटक मी त्याच्यासाठी सकाळीच उघडून ठेवलंय, त्यामुळे कुणी आत आलं का, तेही कळलं नाही.

"आई, येतेस ना खाली?"

त्याचा आवाज आहे. 'ना'वर जरासा रेंगाळतो, लहानपणापासून.

"अजून रागावली आहेस का गं माझ्यावर?"

मी पदराचा बोळा दातांत धरला आहे. तो खरा असला तर वर येईल ना? पण तो माझाच मुलगा आहे, मानी आहे. हाकेला ओ मिळाली नाही तर जिना चढणार नाही. आणखी दोन मिनिटं उभा राहील, डोळे पुसेल, आणि फाटकाची कडी लावून निघून जाईल. पुन्हा कधी येणार नाही कदाचित.

जाऊ दे. रागावलेला, दुखावलेला, कसाही असो, तो आपल्या पायांनी घरी जाऊ दे. हाक बंद झाली आहे. फाटकाची कडी वाजली, तर तो खराच होता.

आयुष्यात पहिल्यांदा, पोटचा मुलगा निघून गेल्याचा आवाज यावा म्हणून मी कान लावून बसले आहे.